वनशास्त्राचं कॉलेज कृषी विद्यापीठात का? (लेकीच्या ॲडमिशनवरून पडलेला प्रश्न)

कोपरीकर_बाबा
नमस्कार मंडळी. आमच्या लेकीने यंदा बारावी सायन्स केली, सीईटी दिली, आणि मागच्या रविवारी जेवताना सरळ सांगून टाकलं की इंजिनिअरिंगचा फॉर्म भरणार नाही, दापोलीला वनशास्त्र करायचंय. तिची आई ताटात बघत बसली, मी पण काही बोललो नाही. पोरगी तीन वर्षं पहाटे उठून येऊरच्या जंगलात (आमच्या ठाण्याला लागून आहे) जाते, वहीत झाडांची नावं लिहिते, घरात बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही इतकी रोपं, त्यामुळे हे डोक्यातलं खूळ नाही एवढं मला कळतं.
पण मी ३१ वर्षं एका कंपनीत स्टोअर्स सांभाळलं. कुठला माल कुठल्या खात्यावर पडलाय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. जंगल म्हणजे वनखातं, इथपर्यंत ठीक. मग कॉलेज वनखात्याचं असायला हवं ना? तर ते आहे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं, म्हणजे शेतीखात्याकडे. देहरादूनची संस्था मात्र पर्यावरण मंत्रालयाकडे. अकोल्याला वनशास्त्र आहे तेही कृषी विद्यापीठात. हे असं कुणी ठरवलं, कधी, कशासाठी? आणि शिकून बाहेर पडणाऱ्या मुलांना याने काही फरक पडतो का? जाणकारांनी जरा उलगडून सांगा, फॉर्म भरायला थोडेच दिवस आहेत.

चहाबिस्कीट
बाबा, आधी लेकीचं अभिनंदन. बाकीचं जाणकार सांगतील, मी पहिल्या रांगेत बसलोय.

येऊरवाली
तुमची लेक कोण ते मला बहुतेक माहीत आहे, निळी टोपी घालते ना? मागच्या महिन्यात तिने आमच्या ग्रुपला कुंभा आणि वावळा यातला फरक साल बघून सांगितला होता, फुलंपानं नसताना. पाठवा हो बिनधास्त. खात्याचं मला काही कळत नाही पण मी वाचत राहणार.

जुना_वनपाल
कोपरीकरसाहेब, तुमचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे. मी वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल होऊन रिटायर झालो, आता कळव्याला असतो. माझं स्पष्ट मत आहे की जंगलाचं शिक्षण वनखात्याकडेच पाहिजे, आणि सुरुवात तशीच झाली होती.
आपल्याकडे वनखातं १८६४ साली उभं राहिलं, पहिले महानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिस, जर्मन माणूस, मूळचा वनस्पतिशास्त्राचा. खातं उभं राहिलं पण माणसं कुठून आणायची? वरचे साहेब तिकडे युरोपात शिकून यायचे. खालच्या माणसाला शिकवायला ब्रँडिससाहेबाने १८७८ मध्ये देहरादूनला फॉरेस्ट स्कूल काढलं. लक्षात घ्या, युनिव्हर्सिटीने काढलं नाही, खात्याने काढलं, खात्याच्या माणसांसाठी. आधी ते तिथल्या प्रांताच्या सरकारकडे होतं, १८८४ मध्ये हिंदुस्थान सरकारने ताब्यात घेतलं. १९०६ मध्ये संशोधन संस्था झाली. तुम्ही फोटोत बघता ती मोठी लाल इमारत १९२९ ची. त्याआधी संस्थेचा मुक्काम चांदबागला होता, त्याच जागेवर पुढे १९३५ मध्ये डून स्कूल भरायला लागलं.
आम्हालाही खात्यानेच शिकवलं. शहापूरच्या प्रशिक्षण शाळेत पहाटे परेड, मग साखळी घेऊन मोजणी, कूप (तोडीसाठी ठरवलेला जंगलाचा तुकडा) कसा आखायचा, मार्किंगचा हातोडा झाडावर कुठे मारायचा (एक छातीच्या उंचीला आणि एक बुंध्याला जमिनीलगत, म्हणजे झाड तोडून नेलं तरी खालचा ठसा खोडक्यावर राहतो), सागजडी (सागाच्या रोपाचा छाटलेला मूळ-खोडाचा तुकडा) कशी लावायची, पंचनामा कसा लिहायचा. कॉलेजात हे कोण शिकवणार?

दापोली_९४
काका, नमस्कार करून बोलतो, पण इथे तुमचं पटत नाही. मी दापोलीचा, नव्वदच्या दशकातला वनशास्त्राचा पदवीधर, आता नेरूळला राहतो, झाडं लावायची आणि जगवायची कामं घेतो.
हातोडा कुठे मारायचा ते आम्हालाही शिकवलं होतं. पण हातोडा लागतो तो खात्याच्या झाडाला. कोकणातलं झाड खात्याचं आहे कुठे? रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी नखाएवढं, बाकी सगळा झाडोरा मालकीचा. ऐन, किंजळ, खैर, शिवण सगळं कुणाच्या तरी सातबाऱ्यावर उभं आहे. त्या शेतकऱ्याला खैर किती वर्षांनी तोडावा, तोडल्यावर परत कसा आणावा, बांबूचं बेट कसं साफ ठेवावं हे सांगायला कोण जाणार? वनखात्याचा माणूस त्याच्या दारात जातो तो तोडीच्या परवानगीसाठी नाहीतर केस करायला. सल्ला द्यायला जाणारा माणूस शेतीखात्याचा. म्हणून कॉलेज कृषी विद्यापीठात, एवढं सरळ आहे.
आमचं पहिलं प्रॅक्टिकल मला अजून आठवतं. प्रत्येकाला एक टेप दिली आणि विद्यापीठाच्याच आवारातल्या सागांचा घेर मोजायला लावला. जमिनीपासून १.३७ मीटरवर. उतारावर झाड असेल तर वरच्या अंगाला उभं राहून. मी खालच्या अंगाला उभा राहून मोजला, सरांनी शांतपणे पुन्हा मोजायला लावला, आणि दोन आकड्यांत इतका फरक आला की सगळ्या वर्गाला हिशोब कळला. आजही मी साइटवर माणसाला हेच करून दाखवतो.

चहाबिस्कीट
म्हणजे झाड एक आणि सातबारे तीन. शेतीखातं, वनखातं, आणि ज्याच्या बांधावर उभंय तो.

फाईलनवीस
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी मंत्रालयात नोकरी केली, बेलापूरला स्थायिक. हा विषय माझ्या टेबलावर थेट नव्हता पण शेजारच्या टेबलावर होता, आणि मला जुने अहवाल वाचायची आवड. जरा लांबेल, सांभाळून घ्या.
कोपरीकर, तुमच्या 'कुणी ठरवलं'चं उत्तर आहे राष्ट्रीय कृषी आयोग. हा आयोग केंद्राने १९७० मध्ये नेमला, १९७६ मध्ये त्याचा अहवाल आला. शेतीच्या आयोगाने जंगलावर का बोलावं? कारण त्या वेळी केंद्रात वन हा विषय कृषी मंत्रालयातच होता! आज आपल्याला विचित्र वाटतं पण तेव्हा शेती, पशू, मासे, जंगल एकाच छपराखाली. आयोगाने दोन गोष्टी सांगितल्या. एक, लोकांची सरपण-चारा-लाकडाची गरज राखीव जंगलातून भागणार नाही, ती शेताच्या बांधावर, गायरानात, रस्त्याच्या कडेला झाडं लावून भागवा. यालाच पुढे सामाजिक वनीकरण म्हणायला लागले. दोन, वनशास्त्राचं शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणापुरतं ठेवू नका, कृषी विद्यापीठांत पदवी म्हणून सुरू करा. झाड बांधावर येणार असेल तर शिकवणारा माणूस शेतकऱ्याशी बोलणारा पाहिजे, हा त्यामागचा विचार. दापोली_९४ म्हणतात ते हेच.
आता यात गाठ कुठे बसली ते बघा. १९७६ मध्येच ४२ व्या घटनादुरुस्तीने वन हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या हातात. आणि १९८५ मध्ये केंद्रात पर्यावरण व वन मंत्रालय झालं, जंगल कृषी मंत्रालयातून उठून तिकडे गेलं. नेमकं त्याच सुमारास, ८५-८६ च्या आसपास, देशभर कृषी विद्यापीठांतून वनशास्त्राच्या पदव्या सुरू होत होत्या. दापोली, अकोला, दक्षिणेत कोइमतूर, केरळात वेल्लानिक्करा, हिमाचलात सोलन. म्हणजे पोरगी ज्या घरी द्यायची ठरली, लग्नाच्या वर्षीच त्या घरातला कर्ता माणूस वेगळं बिऱ्हाड करून निघून गेला. पदव्या शेतीकडे राहिल्या, जंगल पर्यावरणाकडे गेलं.
परिणाम असा की आज पदवीचा अभ्यासक्रम आणि मान्यता बघते भारतीय कृषी अनुसंधान परिषद, आणि वन संशोधन बघते ती दुसरीच परिषद, देहरादूनची भारतीय वानिकी अनुसंधान परिषद. ही १९८६ ची, १९९१ मध्ये स्वायत्त झाली आणि त्याच वर्षी देहरादूनच्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दोन परिषदा, दोन मंत्रालयं.
राज्यातही तसंच. कृषी विद्यापीठांचा १९८३ चा कायदा बघा, कुलपती राज्यपाल आणि प्रतिकुलपती कृषिमंत्री. वनमंत्र्यांचा तिथे काही संबंध नाही. आणि नोकऱ्या मात्र महसूल व वन विभागाकडे.

कोपरीकर_बाबा
फाईलनवीस साहेब, हे तर स्टोअर्समधलं जुनं दुखणं निघालं. माल एका खात्याने मागवला, बिल दुसऱ्याच्या नावावर, आणि वापरणारा तिसराच. आता कळतंय. जरा सांगा, असं दुसऱ्या कुठल्या कॉलेजचं झालंय का, की एका खात्यातून काढून दुसरीकडे दिलं?

फाईलनवीस
झालंय ना, आपल्या परळला. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ चं. कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये झालं तेव्हा ते त्याच्याकडे होतं, म्हणजे परळमधला माणूस दापोलीच्या विद्यापीठाचा विद्यार्थी. २००० मध्ये नागपूरला पशू आणि मत्स्य विज्ञानाचं वेगळं विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा पशुवैद्यकीय कॉलेजं तिकडे गेली. रत्नागिरीचं १९८१ चं मत्स्य महाविद्यालय मात्र दापोलीकडेच राहिलं. म्हणजे गाय गेली, मासा राहिला, आणि झाडाला कुणी विचारलंच नाही.

ऐरोली_सेक्टर
इतिहास छान आहे पण पालक म्हणून मला एकच विचारायचंय, नोकरी मिळते का? माझ्या भाच्याने हीच पदवी घेतली, एका ठिकाणी भरतीचा ऑनलाइन अर्ज भरायला गेला तर पदवीच्या यादीत वनशास्त्र नावच नव्हतं. बॉटनी होतं, ॲग्रीकल्चर होतं. फोन केला तर तिथला माणूस म्हणाला 'इतर' टाका. जंगलाशी संबंधित भरती, आणि जंगल शिकलेला पोरगा 'इतर'. त्या दिवशी तो जेवला नाही. मला अजून राग येतो.

दापोली_९४
ऐरोली ताई, हे दुखणं खरं आहे आणि आमच्या बॅचपासूनचं आहे. दिल्लीची भारतीय वन सेवेची परीक्षा घ्या किंवा आपली राज्याची वनसेवा घ्या, बॉटनी, झूलॉजी, गणित, ॲग्री, इंजिनिअरिंग सगळ्यांना दार उघडं आहे. उघडं असावं, मला त्याचं वाईट वाटत नाही, माझे काही चांगले मित्र इंजिनिअर होऊन वनखात्यात गेले आणि उत्तम काम करतात. पण ज्याने चार वर्षं हेच शिकलं त्याला त्या चार वर्षांचं काहीतरी वजन मिळावं की नाही? कर्नाटकात थेट भरतीत वनशास्त्राच्या पदवीधरांना राखीव वाटा आहे. तिथे सिरसीच्या वनशास्त्र कॉलेजातल्या पोराला माहीत असतं की मी शिकतोय ते कशासाठी. आपल्याकडे कृषी विद्यापीठ म्हणतं आम्ही शिकवून दिलं, वनखातं म्हणतं आम्ही परीक्षेतून घेतो. मधल्या रस्त्यावर मुलं उभी.

जुना_वनपाल
हेच तर मी म्हणतोय बाळा. कॉलेज खात्याचं असतं तर ही वेळ आली नसती. चंद्रपूरला बघ, रेंजर कॉलेज होतं, आता मोठी वन प्रबोधिनी झाली. सांगलीकडे कुंडलला प्रबोधिनी आहे. तिथे गेलेल्या माणसाला 'तुझं काय' असं कुणी विचारत नाही कारण तो आधी नोकरीत लागलेला असतो आणि मग शिकायला येतो.

दापोली_९४
काका, पण नोकरीत लागल्यावर शिकवतात ते खात्याला पाहिजे तेवढंच. खातं जे करतंय ते चूक असेल तर सांगणार कोण? विद्यापीठातला माणूस खात्याचा नोकर नसतो म्हणून तो सांगू शकतो. मला वाटतं हे महत्त्वाचं आहे.

शहापूरचा_भाऊ
मी शेतकरी माणूस, आमची जमीन शहापूर तालुक्यात, नोकरीला ठाण्यात येऊनजाऊन असतो. दापोलीवाले दादा शेवटी जे बोलले त्यावर सांगतो, हे आमच्या जिल्ह्यात घडलेलं आहे.
आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. उन्हाळ्यात ऐनाचा टहाळ तोडून आणायचा, वाळवायचा, वाफ्यावर आधी शेण, मग टहाळ, मग पालापाचोळा गवत, आणि वर बारीक माती टाकायची. माती टाकली नाही तर भडका उडतो आणि राख वाऱ्याने जाते, माती टाकली की आत दबून धुमसतं आणि जमीन चांगली भाजते. वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. माझी आजी पायाचा अंगठा राखेत खुपसून सांगायची की भाजलं का नाही. भाजलेल्या वाफ्यात तण कमी येतं, रोप टवटवीत येतं.
इंग्रजांच्या वनखात्याने हा टहाळ तोडायला आडकाठी केली. त्यांच्या साहेबांना फांद्या छाटलेलं ऐनाचं झाड म्हणजे नासाडी वाटायची, कारण ते शिकलेच होते सरळ उभं लाकूड मोजायला. ठाणा आणि कुलाबा जिल्ह्यातल्या लोकांनी इतक्या तक्रारी केल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन कमिशन नेमावं लागलं, १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात राबावर पानंच्या पानं आहेत. जंगलाचं शिक्षण कुणाच्या ताब्यात आहे यावर आमचा टहाळ गुन्हा होतो की खत, ते ठरतं. माझ्या दृष्टीने हा एवढा मोठा विषय आहे.

येऊरवाली
भाऊ, हे वाचून थांबलेच. अंगठ्याचं तर फारच.

जुना_वनपाल
शहापूरच्या भावा, तुझं मी मान्य करतो. माझ्या पहिल्या बीटमध्ये मी एका म्हातारीला ऐनाच्या टहाळासाठी अडवलं होतं. कागदावर मी बरोबर होतो. तिने काही वाद घातला नाही, भारा खाली ठेवला आणि चालू लागली. मला कुणी राब काय असतो ते शिकवलं नव्हतं, मी घाटावरचा. नंतर गावातल्याच एकाने नेऊन दाखवलं. ते प्रशिक्षणात असायला पाहिजे होतं, हे खरं.

घणसोली_ते_टोरांटो
मूळची घणसोलीची, आता टोरांटोत. या धाग्यावर लिहायलाच हवं कारण इथल्या विद्यापीठातल्या फॉरेस्ट्रीचा इतिहास म्हणजे खातेबदलाची सगळी यात्रा आहे.
आधी अमेरिकेतून सुरुवात करते. १८९८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात न्यूयॉर्क राज्याने फॉरेस्ट्री कॉलेज काढलं, प्रमुख बर्नहार्ड फर्नो, हाही जर्मन (ब्रँडिस, फर्नो, त्या काळी जगभर जंगल जर्मनच शिकवत होते). कॉलेजला ॲडिराँडॅक डोंगरात तीस हजार एकर जंगल दिलं शिकवायला. फर्नोने तिथलं जुनं रुंदपानी जंगल तोडून पिंपांच्या कारखान्याला लाकूड दिलं आणि जागी सूचिपर्णी लावायचा कार्यक्रम घेतला. शेजारी श्रीमंत लोकांचे उन्हाळी बंगले होते. त्यांना तोड आणि धूर सहन होईना, ते गव्हर्नरपर्यंत गेले, आणि १९०३ मध्ये गव्हर्नरने कॉलेजचा निधीच अडवला. पाच वर्षांत कॉलेज बंद. सरकारी पैशावर चाललेलं कॉलेज एका सहीने गेलं.
तोच फर्नो १९०७ मध्ये टोरांटोला आला आणि कॅनडातली पहिली फॉरेस्ट्री फॅकल्टी उभी केली, पहिला डीन तोच. ती शंभर वर्षांवर टिकली. पण ९० च्या दशकात पदवीचा कोर्स बंद झाला, फक्त पुढचं शिक्षण उरलं, आणि २०१९ मध्ये फॅकल्टीच विसर्जित करून आर्किटेक्चरच्या फॅकल्टीत विलीन केली. आर्किटेक्चर! तुम्हाला शेतीखातं विचित्र वाटतंय.
अमेरिकेतच येल आहे, १९०० मध्ये फॉरेस्ट स्कूल म्हणून निघालं, १९७२ मध्ये नावात 'पर्यावरण' जोडलं, २०२० मध्ये मुख्य नाव पर्यावरणाचं झालं आणि फॉरेस्ट स्कूल त्याच्या पोटात गेलं. आणि आपल्या साहेब लोकांना तयार करणारं विलायतेतलं शिक्षण, ते १८८५ पासून कूपर्स हिलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतं, तिथून १९०५ मध्ये ऑक्सफर्डला गेलं. शिकवणारा श्लिक, तो ब्रँडिसनंतरचा आपला महानिरीक्षक. १९२४ मध्ये तिथे मोठी इम्पीरियल संस्था झाली. ८० च्या दशकात ती वनस्पती विभागात मिसळली आणि पुढे फॉरेस्ट्री नावाचं वेगळं घर तिथे राहिलंच नाही.
कोपरीकर काका, सगळीकडे एकच दिसतं. इंजिनिअरिंगच्या हाती असताना जंगल म्हणजे लाकडाचा साठा, शेतीकडे गेलं की पीक, पर्यावरणाकडे गेलं की हवा-पाणी-प्राणी, आणि आर्किटेक्चरकडे गेलं की शहरातली झाडं. झाडं तीच, मोजायची टेप बदलते.

फाईलनवीस
टोरांटोताई, इंजिनिअरिंगवरून आठवलं. पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४ चं, त्यात एकोणिसाव्या शतकात वनखात्यासाठी आणि शेतीसाठीही वर्ग चालायचे. म्हणूनच मधल्या काळात त्याचं नाव कॉलेज ऑफ सायन्स होतं. १९११ मध्ये पुन्हा इंजिनिअरिंगचं नाव लागलं. म्हणजे मुंबई इलाख्यातलं जंगलाचं शिक्षण पहिल्यांदा इंजिनिअरांच्या ओसरीवर वाढलं. आणि त्याच्याही आधी, १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला अलेक्झांडर गिब्सन, तो मूळचा डॉक्टर, पुण्याजवळच्या दापुडीच्या वनस्पती बागेचा प्रमुख. डॉक्टर, इंजिनिअर, शेतकी, सगळ्यांच्या हातून फिरून आलंय हे.

चहाबिस्कीट
विषय थोडा सोडून, ठाण्यातल्या रस्त्यावरच्या झाडांचं खातं कुठलं? आमच्या सोसायटीबाहेरचा पर्जन्यवृक्ष वाकलाय, तीन वेळा फोन केले.

दापोली_९४
ते ना शेतीखातं ना वनखातं. शहरातली झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली, महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी. लेखी अर्ज द्या, फोटो लावा, फोनवर काम होत नाही. २०२१ मध्ये कायदा बदलला, पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता हेरिटेज धरतात, त्यामुळे वय महत्त्वाचं. आणि फांद्या स्वतः कुणाकडून छाटून घेऊ नका, एका बाजूने छाटला की तो दुसऱ्या बाजूला जास्त वाकतो.
ऐरोली ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, प्रत्येक महापालिकेला झाड कळणारा माणूस लागतो. खाडीची कांदळवनं बघायला २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कक्ष आहे, आपली ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेली, तिथे रोपवाटिका, मोजणी, अभ्यास सगळं चालतं. बांबू २०१७ मध्ये वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून निघाला त्यामुळे शेतकऱ्याला मोकळीक मिळाली, त्यात काम आहे. सरकारी जागा मोजक्याच, पण काम नाही असं नाही. माझ्याकडे सध्या तीन दापोलीची पोरं आहेत आणि मला चौथा मिळत नाहीये.

ऐरोली_सेक्टर
भाच्याला तुमच्याकडे पाठवू का? खरंच विचारते.

दापोली_९४
पाठवा. मला इथेच निरोप टाका, मी पत्ता देतो. बूट घालून यायला सांगा.

येऊरवाली
मुलगी म्हणून वेगळी काळजी असेल तर सांगते, भारतीय वन सेवेत बायका १९८० च्या तुकडीपासून आहेत. आता तर बीटवर वनरक्षक मुली एकट्या फिरतात, येऊरला आम्हाला भेटतात. आईला सांगा.

जुना_वनपाल
माझ्या शेवटच्या पोस्टिंगला माझ्या हाताखाली दोन मुली होत्या. आगीच्या दिवसांत रात्री जाळरेषेवर माझ्यापेक्षा पुढे असायच्या.
आणि दापोलीच्या पोरा, तुझ्याशी वाद घातला पण एक सांगतो. कॉलेज तुमचं तिथेच राहू दे. फक्त शेवटचं वर्ष मुलांना वनखात्याच्या रेंजमध्ये पाठवा, आणि आमच्या प्रशिक्षणातल्या पोरांना महिनाभर शेतकऱ्याच्या बांधावर पाठवा. त्या टहाळवाल्या म्हातारीसारखं परत कुणाचं व्हायला नको.

दापोली_९४
काका, हे लिहून कुठेतरी द्यायला हवं. मी मसुदा करतो, तुम्ही सही करा.

शहापूरचा_भाऊ
माझीपण सही धरा.

कोपरीकर_बाबा
मंडळी, आठवड्याने येतोय. शनिवारी लेकीला घेऊन दापोलीला जाऊन आलो. आवारात फिरलो, तिने रोपवाटिकेत अर्धा तास काढला. खैराची रोपं पिशव्यांत होती, तिथल्या मावशी पिशव्या उचलून जागा बदलत होत्या. लेकीने विचारलं हे कशाला, तर त्या म्हणाल्या एका जागी ठेवली की मूळ पिशवी फोडून जमिनीत जातं, मग लावायला उचललं की तुटतं, म्हणून अधूनमधून हलवायची. लेकीने वहीत लिहून घेतलं. मी पण ऐकलं, मला हे माहीत नव्हतं.
परत येताना गाडीत तिला तुमचं सगळं वाचून दाखवलं, आयोग, कॉर्नेल, परळ, राब. राबाचं तिने दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, बाबा, मला रेंजर व्हायचंय का शेतकऱ्याकडे जायचंय ते चार वर्षांनी बघू, पण दोन्ही ऐनच ना. तिच्या आईने घरी आल्यावर विचारलं की हॉस्टेलला गाद्या देतात का. म्हणजे तिकडून पण होकार आलाय.
फॉर्ममध्ये पहिला पर्याय दापोली, दुसरा अकोला टाकलाय. शहापूरच्या भाऊंना विनंती, राब तर आता होऊन गेला असेल, पण आवणीला (भात लावायला) आम्ही दोघं आलो तर चालेल का? आणि दापोली_९४, ठाण्याहून मुलीला एकटीला जायचं तर रेल्वेने खेडला उतरून पुढे एसटी बरी का खोपटवरून थेट एसटी?

शहापूरचा_भाऊ
या की. पाऊस नीट लागला की कळवतो. जुने कपडे आणा, दुपारचं जेवण आमच्याकडे. वनपालकाकांनाही घेऊन या.

दापोली_९४
सामान असेल तेव्हा थेट एसटी, नसेल तेव्हा रेल्वेने खेड आणि तिथून एसटी, पाऊण-एक तासात पोचते. आणि रेनकोट नको, इरलं किंवा मोठी छत्री आणि गमबूट घ्या, जुलैत रेनकोटात घाम येऊन आतूनच भिजायला होतं. गाद्यांचं हॉस्टेलला फोन करून विचारा, आमच्या वेळी घरून न्यायला लागायच्या.